बादलीतले जिवाणू वाफ्यात टिकवायचे कसे?

हुबळी-धारवाड रस्त्यावर रायापूरच्या आसपास नवं घर बांधलं की परसात जी माती उरते, ती बहुतेकदा तिथली मूळची वरची माती नसते. पाया खणताना खालचा मुरूम वर येतो, त्यात सिमेंट-वाळूचा चुरा मिसळतो, सपाटीसाठी कुठून तरी ट्रॅक्टरने भर येते आणि वीतभर सुपीक थर त्याखाली गाडला जातो. अशा जागी नवलूरहून हौसेनं आणलेलं पेरूचं कलम लावलं, तर ते वर्षभर आहे तेवढंच राहतं. मग कुणी युरिया सुचवतं, कुणी शेणखत, तर कुणी 'जीवामृत करून बघा' म्हणतं.

हा तिसरा सल्ला चांगला आहे, पण अर्धा आहे. घरच्या घरी उपयुक्त जिवाणू वाढवणं अगदी सोपं आहे. शेण, गूळ, बेसन आणि एक बादली एवढ्यावर काम भागतं. कठीण आहे ते बादलीतून जमिनीत गेलेल्या जिवाणूंना तिथं जगवणं. चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये मुळातच कोट्यवधी जिवाणू असतात, त्यामुळे बादलीतलं द्रावण हे फक्त विरजण आहे. पातेल्यात दूधच नसेल, तर विरजण कितीही चांगलं असून दही लागत नाही. म्हणून आधी जमिनीबद्दल बोलू आणि मग कृतींकडे वळू.

आधी वाफसा

जिवाणूंना अन्न, ओल, हवा आणि सावली लागते. माती ओली आहे पण चिखल नाही, मोकळी आहे पण कोरडी नाही, या अवस्थेला शेतकरी वाफसा म्हणतात. वाफसा असलेल्या जमिनीत घातलेलं लिटरभर जीवामृत तापलेल्या उघड्या मातीत ओतलेल्या पिंपभर जीवामृतापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

हुबळीच्या बाजूला काळी जमीन आहे, धारवाडच्या बाजूला लाल. रायापूर या दोन्हींच्या मध्ये येतं, त्यामुळे आपली माती कोणती हे आधी बघून घ्या. काळी माती पाणी धरून ठेवते, पण पावसाळ्यात तिच्यातली हवा संपते. तिच्यात चुना जास्त असल्यानं स्फुरद कॅल्शियमबरोबर अडकून बसतो आणि जस्त, लोह झाडाला नीट मिळत नाहीत. लाल मातीत हवा भरपूर असते, पण ओल टिकत नाही आणि स्फुरद लोह-अॅल्युमिनियमबरोबर बांधला जातो. दोन्हीकडे स्फुरद जमिनीतच असतो, झाडाच्या हाती मात्र लागत नाही. तो सोडवून देणारे जिवाणू आपल्याला हवे आहेत. काळ्या मातीत उंच वाफे करा आणि भरपूर कुजलेलं खत मिसळा. लाल मातीवर जाड आच्छादन ठेवा.

आच्छादनासाठी या भागात काही विकत घ्यावं लागत नाही. भुईमुगाची टरफलं, सोयाबीनचा भुसा, ज्वारीचा कडबा, उसाचं पाचट, आंब्याची वाळकी पानं यांतलं जे मिळेल ते चार बोटं जाडीनं पसरा. झाडाचं खोड मात्र वीतभर मोकळं सोडा. लाकडाचा भुसा किंवा ताज्या कडब्याचे तुकडे मातीत कालवू नका, वरच राहू द्या. कालवले तर ते कुजवण्यासाठी जिवाणू मातीतलंच नत्र उचलतात आणि झाड पिवळं पडतं.

जिवाणूंच्या अन्नाबद्दल पुण्याच्या 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेचे संस्थापक डॉ. आनंद कर्वे यांनी एक वेगळी मांडणी केली. जिवाणूंना ऊर्जा देणारं अन्न लागतं, म्हणजे साखर, पिष्ट, हिरवा पाला. पूर्ण कुजलेल्या कंपोस्टात ते फारसं शिल्लक नसतं, असं त्यांचं म्हणणं. हे सगळं मान्य करा अथवा करू नका, पण त्यातली एक गोष्ट परसबागेत लगेच करण्यासारखी आहे. भाजी निवडताना निघालेली हिरवी पानं आणि तणांचा कोवळा पाला फेकू नका. बारीक चिरून आच्छादनाखाली सरकवा.

बादलीभर जीवामृत

जीवामृत सर्वदूर पोहोचवलं ते विदर्भातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्याच्या कितीतरी आधी त्यांची पद्धत कर्नाटकात रयत संघाच्या शेतकऱ्यांमधून गावोगावी गेली होती. शेतासाठीचं प्रमाण २०० लिटर पाण्याचं आहे. परसबागेला तो बेत मोठा पडतो आणि उरलेलं सडतं. दहा लिटरचं प्रमाण असं :

- ताजं शेण अर्धा किलो
- गोमूत्र पाव ते अर्धा लिटर
- गूळ १०० ग्रॅम, शक्यतो काळपट, कमी रसायनं वापरलेला
- बेसन किंवा कुठल्याही डाळीचं पीठ १०० ग्रॅम
- बांधावरची किंवा जुन्या वडा-चिंचेखालची मूठभर माती
- पाणी दहा लिटर, बादली मात्र पंधरा-वीस लिटरची

पाणी नळाचं असेल, तर मलप्रभेचं ते पाणी क्लोरीन घालून आलेलं असतं. रुंद तोंडाच्या बादलीत ते एक दिवस उघडं ठेवा आणि मगच वापरा. जिवाणू मारण्यासाठी घातलेल्या औषधात जिवाणू वाढवायला जाऊ नये. गूळ कोमट पाण्यात विरघळवा, पिठाच्या गुठळ्या मोडा, सगळं एकत्र करून सावलीत ठेवा. वर सुती फडकं बांधा. घट्ट झाकण नको. सकाळ-संध्याकाळ दोन-तीन मिनिटं काठीनं ढवळा. काठी कोणत्या दिशेनं फिरवायची यावर लोक वाद घालतात. दिशेला महत्त्व नाही, हवा आत जाण्याला आहे.

प्रत्येक जिन्नसाचं काम वेगळं आहे. शेणातून आणि मुठीतल्या मातीतून जिवाणू येतात. गूळ ही त्यांची ऊर्जा. पिठातून आणि गोमूत्रातून त्यांना नत्र मिळतं, ज्यातून ते आपलं शरीर बांधतात. म्हणून 'गूळ जास्त घातला तर जास्त चांगलं' हा हिशेब चुकीचा आहे. गूळ वाढला की द्रावण आंबट होत जातं आणि आंबटपणा सोसणारेच काही जिवाणू उरतात.

किती दिवसांनी वापरायचं? पाळेकर दोन दिवसांनंतर वापरायला सांगतात. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठातल्या अभ्यासात जीवामृतातली सूक्ष्मजीवांची संख्या नवव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत जास्त आढळली. घरी नाकावर भरवसा ठेवा. आंबूस-गोडसर वास आणि वर फेस आला की द्रावण तयार आहे. धारवाडच्या थंडीत त्याला आठवडा लागतो, एप्रिलमध्ये तीन दिवस पुरतात. सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला तर हवा कमी पडली असं समजा. ते झाडांना घालू नका, कंपोस्टच्या ढिगात मुरवा. बारा दिवसांपलीकडे कुठलंही जीवामृत साठवू नका.

शेण कुठल्या जनावराचं आहे याची चौकशी करा. नुकतंच जंताचं औषध किंवा प्रतिजैविक दिलेल्या गाई-म्हशीचं शेण टाळा. देशी गाय नसेल तर काही अडत नाही. ताजं शेण आणि निरोगी जनावर एवढं पाहा.

कोल्हापूरच्या मोहन शंकर देशपांडे यांच्या ऋषी-कृषी पद्धतीतलं अमृतपाणीही याच घराण्यातलं आहे. २०० लिटर पाण्याला दहा किलो शेण, पाव किलो तूप आणि अर्धा किलो मध. गुळाऐवजी मध, पिठाऐवजी तूप. सध्याच्या भावात तूप-मध जमिनीत घालणं परवडत नसेल, तर जीवामृतावर समाधान मानायला हरकत नाही.

पेरण्याआधी बीजामृत

रायापूरपासून जवळच, धारवाडला कृषी विज्ञान विद्यापीठ आहे. १९८६ साली ते स्वतंत्र विद्यापीठ झालं. तिथल्या एम. एन. श्रीनिवास आणि सहकाऱ्यांनी २००९ साली बीजामृतातले जिवाणू वेगळे करून तपासले. त्यांत हवेतलं नत्र स्थिर करणारे आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू सापडले, आणि ते सोयाबीनच्या बियाण्याला लावल्यावर उगवण आणि रोपांचा जोम सुधारला. शेणापाण्यातली ही गोष्ट निव्वळ श्रद्धेची नाही, हे त्या कामातून कळतं.

घरच्या बियाण्यापुरतं बीजामृत करायचं तर लिटरभर पाण्यात पाव किलो शेण फडक्यात बांधून रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी पुरचुंडी पिळा, पाव लिटर गोमूत्र, चिमूटभर चुना आणि चिमूटभर बांधावरची माती घाला. गवार, भेंडी, चवळीचं बी त्यात घोळवा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. रोपं लावायची असतील तर मुळं काही मिनिटं बुडवली तरी पुरे.

शेण मिळत नसेल तर

फ्लॅटमधल्या गॅलरीत शेण आणणं जमत नाही, शेजारीही कुरकुर करतात. तिथं तांदळाच्या धुवणाचा उपाय चालतो. ही पद्धत कोरियातल्या चो हान-क्यू यांच्या नैसर्गिक शेतीतून जगभर गेली.

तांदळाचं पहिलं धुवण बरणीत अर्ध्यापर्यंत भरा, फडकं बांधा, दोन-तीन दिवस ठेवा. आंबूस वास आला की गाळा. एक भाग धुवणात दहा भाग दूध मिसळून पुन्हा फडकं बांधून ठेवा. पाच ते सात दिवसांत दुधाचा चोथा वर येतो आणि खाली पिवळसर पाणी उरतं. ते पाणी म्हणजे लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंचं संवर्धन. चोथा कंपोस्टमध्ये टाका. पाणी फ्रिजमध्ये महिनाभर राहतं. तितक्याच वजनाचा गूळ मिसळला तर त्याहून जास्त. बाटलीचं बूच मात्र सैल ठेवा, आत वायू साठतो.

याचा खरा उपयोग ओल्या कचऱ्यासाठी आहे. लिटरभर पाण्यात दोन चमचे घालून गव्हाच्या कोंड्यावर शिंपडा, कोंडा सावलीत सुकवा आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात प्रत्येक थरावर मूठभर भुरभुरा. कचरा सडत नाही, मुरतो, आणि वासही कमी येतो. हे जिवाणू हवेतून नत्र घेत नाहीत आणि स्फुरदाचा साठा मोकळा करण्यातही पटाईत नाहीत, त्यामुळे जीवामृताला पर्याय म्हणून त्यांच्याकडे पाहू नका.

गाझियाबादच्या राष्ट्रीय जैविक व नैसर्गिक शेती केंद्राचं 'वेस्ट डीकंपोजर' हाही शेणाविना होणारा पर्याय आहे. मूळ प्रमाण २०० लिटर पाण्याला दोन किलो गूळ आणि एक बाटली असं आहे. रोज ढवळलं की पाचेक दिवसांत द्रावण तयार होतं. इमारतीतल्या चार-पाच घरांनी मिळून केलं तर वाया जात नाही.

ट्रायकोडर्मा : मित्रबुरशी

मिरचीची रोपं एकाएकी कोलमडणं, टोमॅटोची मर, आल्याची कंदकूज हे काम बहुतेकदा जमिनीतल्या रोगकारक बुरशींचं असतं. ट्रायकोडर्मा ही बुरशी त्यांच्यावर वाढते, त्यांची जागा आणि अन्न बळकावते. ती शून्यातून घरी पकडायला जाऊ नका. भातावर आलेला हिरवा बुरा ट्रायकोडर्माचा की भलत्याच बुरशीचा, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. शुद्ध पुडी विकत घ्या आणि ती वाढवा. धारवाडच्या कृषी विद्यापीठात, महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी, दापोलीच्या कृषी विद्यापीठांत आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या जैविक नत्र स्थिरीकरण योजनेत अशा जैविक संवर्धकांची चौकशी करता येते. पुडीवरची मुदत वाचून घ्या. मुदत संपलेल्या पुडीत फक्त माध्यमाची भुकटी उरलेली असते.

दहा किलो चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक किलो निंबोळी पेंड आणि १०० ग्रॅम ट्रायकोडर्मा एकत्र करा. मुठीत दाबलं की गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये, इतकीच ओल ठेवा. सावलीत ढीग करून ओल्या गोणपाटानं झाका, दर तीन-चार दिवसांनी परता. दहा ते पंधरा दिवसांत हिरवट ठिपके दिसू लागले की खत तयार. कुंडीला दोन मुठी, वाफ्याला चौरस मीटरमागे पाव ते अर्धा किलो. ढीग परतताना नाकाला रुमाल बांधा. दम्याचा त्रास असेल तर हे काम दुसऱ्यावर सोपवा. जिथं हे खत घालाल तिथं बोर्डो मिश्रण किंवा इतर बुरशीनाशक ओतू नका.

जे बादलीत वाढत नाहीत

दोन महत्त्वाचे सूक्ष्मजीव गुळाच्या पाण्याला भुलत नाहीत. पहिला रायझोबियम. शेंगवर्गीय झाडाच्या मुळावर गाठ करून तो हवेतलं नत्र झाडाला देतो, पण त्याचेही गट आहेत. चवळी, मूग, भुईमूग यांना एका गटाचा चालतो. हरभऱ्याला, सोयाबीनला, मेथीला आपापला लागतो. म्हणून पुडी पिकाचं नाव बघून घ्या आणि गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळा. आपल्या वाफ्यात तो आहे की नाही हे फुलोऱ्याच्या सुमारास एक रोप हळूच उपटून बघता येतं. मुळावरची गाठ नखानं कापा. आतून गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. चवळीच्या चांगल्या वाफ्यातली दोन-चार ओंजळी माती नव्या वाफ्यात नेली, तर जिवाणूही बरोबर जातात.

दुसरी मायकोरायझा. ही बुरशी मुळांच्या आत शिरते आणि बाहेर धागे पसरवून दूरवरचा स्फुरद, जस्त, पाणी आणून देते. जिवंत मुळाशिवाय ती वाढत नाही, म्हणून कुठल्याही द्रावणात ती बनत नाही. मात्र धारवाडच्या घरी तिच्यासाठी लागणारं झाड सहज मिळतं, ते म्हणजे ज्वारी. मे महिन्यात निम्मी वाळू, निम्मी माती ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे उन्हात तापू द्या. मग ती मोठ्या कुंडीत भरा. बांधावरच्या न खणलेल्या जागेतलं गवत मुळांसकट उपटून त्याची माती आणि बारीक मुळं कुंडीत मधोमध घाला, वर ज्वारी पेरा. स्फुरदाचं खत अजिबात देऊ नका. स्फुरद आयता मिळाला तर झाड बुरशीला जवळ करत नाही. तीन-चार महिन्यांनी पाणी तोडा, पंधरा दिवस सुकू द्या, ताटं कापा आणि मुळं बारीक करून मातीत मिसळा. रोप लावताना खड्ड्यात मुळांना लागून मूठभर घाला. पेरू, आंबा, लिंबू, मिरची, वांगी यांना उपयोग होतो. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, पालक, बीट यांच्यावर वाया घालवू नका, ती झाडं या बुरशीशी नातं जोडत नाहीत.

किती, कधी, कुणाला

जीवामृत दहापट पाण्यात मिसळा. बारा इंची कुंडीला पाव लिटर, फळझाडाला पाच लिटर, दर पंधरा दिवसांनी. ऊन उतरल्यावर, ओल्या मातीवर, आच्छादन बाजूला सारून घाला आणि पुन्हा झाकून टाका. या भागात जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर वाफसा आला की सुरुवात करा. जुलैच्या संततधारेत थांबा, घातलेलं वाहून जातं. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा सर्वांत चांगला काळ. उन्हाळ्यात आच्छादन नसेल तर घालूच नका.

कच्च्या शेणात माणसाला आजारी पाडणारे जंतूही असू शकतात, आणि गूळ त्यांनाही चालतो. म्हणून कोथिंबीर, कांद्याची पात, काकडी अशा कच्च्या खायच्या पिकांवर जीवामृत फवारू नका. त्या वाफ्यात ते पेरणीआधी जमिनीत द्या. अमेरिकेच्या सेंद्रिय प्रमाणीकरणात मातीला टेकणाऱ्या खाद्यपिकासाठी कच्चं शेण घालणं आणि काढणी यांत १२० दिवसांचं अंतर लागतं, यावरून काळजीची कल्पना येईल. हातात मोजे घाला, हाताला जखम असेल तर शेणमातीत घालू नका, धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घ्या. पावसाळ्यात बादल्यांवर फडकं हवंच. उघड्या बादलीत डास होतात.

जीवामृताकडून खताची अपेक्षाही करू नका. पातळ केलेल्या पाव लिटरमध्ये नत्र नगण्य असतं. २०१९ साली राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीनं पाळेकरांच्या शून्य खर्चाच्या शेतीच्या सरकारी प्रसाराला विरोध केला, त्यामागे पिकाची भूक एवढ्यावर भागते याला पुरावा काय, हाच प्रश्न होता. दर हंगामात कुंडीतली एक चतुर्थांश माती काढून तिथं कंपोस्ट भरणं आणि मूठभर पेंड देणं चालूच ठेवा.

फरक पडला का, हे कसं कळेल?

दोन सोपे प्रयोग आहेत. एकाच जातीची दोन रोपं सारख्या मातीत, सारख्या कुंड्यांत लावा. दोन्हींना आच्छादन आणि कंपोस्ट सारखंच द्या. एकीला जीवामृत, दुसरीला तेवढंच साधं पाणी. दुसरा प्रयोग जुन्या सुती बनियनचा. त्याचे सारखे चौकोन कापून एक जीवामृताच्या वाफ्यात, एक दुसऱ्या वाफ्यात चार बोटं खोल पुरा, खुणेची काडी लावा आणि दोन महिन्यांनी काढा. सूत म्हणजे निव्वळ सेल्युलोज. जिथं सूक्ष्मजीव भरपूर आहेत तिथं चिंध्या हातात येतात, जिथं नाहीत तिथं चौकोन जवळजवळ तसाच निघतो. बनियनमध्ये पॉलिस्टर नाही ना, एवढं आधी बघा.

नव्या, भरावाच्या जमिनीत पहिल्या वर्षी फरक ठळक दिसण्याची शक्यता जास्त. तीन-चार वर्षं आच्छादन आणि कंपोस्ट मिळालेल्या वाफ्यात दोन्ही चौकोन सारखेच कुजतील आणि दोन्ही कुंड्यांतली झाडं सारखीच वाढतील. तसं झालं तर जीवामृताची बादली खुशाल बंद करा. आच्छादन मात्र बंद करू नका.